मिसकॉलची पेटी

चार खोकी आमच्या दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून होती आणि त्यांच्यावरची धूळ पुसायचं काम माझ्याकडं होतं.

दुकान मांडवगण फराट्यात, सासऱ्यांनी काढलेलं. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी आमच्याकडं येतात. आतली काळी पडलेली तार कापून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश लावायचं, वाळवायचं आणि चालवून बघायचं. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. त्यांच्या आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन हिंडल्या. पान्हा-पक्कड हातात धरणारा घरातला पहिला माणूस म्हणजे आबा. माझा नवरा कंपनीत शिफ्टला जातो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी आबांच्या शेजारी बसून तार भरायला शिकले. आता त्यांची नजर अधू झाल्यापासून भरणं माझं आणि तपासणं त्यांचं.

ती खोकी दौंडच्या एका विक्रेत्यानं ठेवली होती. प्रत्येकात एक पेटी. मोटारीच्या स्टार्टरला जोडायची, आत सिमकार्ड घालायचं. घरी बसून त्या नंबरला फोन लावला की मोटार चालू, परत लावला की बंद. पाणी संपलं किंवा एखादा फेज गेला तर मोटार आपली आपण थांबणार आणि तसा मेसेज येणार. लोक तिला मिसकॉलची पेटी म्हणायला लागले. पण नाव ठेवून झालं तरी घ्यायला कुणी तयार होईना.

मी मनापासून सांगायचे. तुमची चक्कर वाचेल, वेळ वाचेल, मोटार जळणार नाही. माणसं ऐकायची, खोकं हातात घेऊन उलटंपालटं करायची आणि खाली ठेवायची. एक म्हणाला, "आमच्या मळ्यात रेंज न्हाई." दुसरा म्हणाला, "आन् कुनी फुटबॉलचा कचरा काढायला पाण्यात उतरल्यालं असलं, आन् चुकून फोन लागला तर?" पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी पाण्यात जो व्हॉल्व असतो त्याला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. त्याची शंका काही खोटी नव्हती. तिसरा तर स्पष्टच बोलला, "मोटारीवर जायचं बंद झालं तर घरातनं बाहेर पडायला निमित्त काय उरलं, ताई?"

आबांचाही विरोध होता. पेट्या बघून ते म्हणाले होते, "मोटारपशी मानूस पायजे. आवाज बदलला की कानाला कळतं. ह्या डबड्याला काय कळतंय?" आणि मग, जरा खालच्या आवाजात, "आन् मोटारी जळायच्या थांबल्या तर आपन काय भरायचं?"

हे दुसरं वाक्य माझ्याही मनात होतं. तरी मी खोकी परत पाठवली नाहीत. आज ना उद्या कुणीतरी घेणार, मग ते दौंडच्या दुकानातून घेण्यापेक्षा आमच्याकडून घेऊ दे, एवढाच माझा हिशेब.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. भीमेच्या काठाला मळा असलेल्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला. मोटार चालेना, आणि तो स्वतः तहसीलच्या कामाला शिरूरला गेलेला. जळालीय की नुसता फ्यूज गेलाय एवढं बघून या, म्हणाला. मी आणि आबा स्कूटीवरून निघालो. दुपारचे साडेचार वाजले असतील. रस्ता संपला तिथं गाडी लावली. पुढं दोन्ही बाजूंना ऊस, मधे बैलगाडीची जुनी वाट, त्यात आता डोक्याएवढं गवत. मोटार नदीच्या कडेला, पत्र्याच्या खोपटाजवळ.

मी पुढं होते, आबा मागं. ऊस संपला आणि खोपट दिसलं. खोपटाच्या सावलीत काहीतरी पडलेलं होतं. मला आधी पोतं वाटलं. मग त्या पोत्याची शेपटी हलली.

मी थांबले. पाठीमागून आबांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि घट्ट बसला.

"खाली बसू नगंस," ते कानाशी म्हणाले. "वाकू नगंस. पाठ दाखवू नगंस."

"आबा…"

"बोल. मोठ्यानं बोल."

"काय बोलू?"

"काय बी."

मला काही सुचेना. वाघरू उठून बसलं होतं. आमच्याकडं बिबट्याला वाघरूच म्हणतात. दहा-बारा पावलांवर ते होतं. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते, आबांवरही नव्हते, आमच्या दोघांच्या मधे कुठंतरी होते. मी बोलायला लागले, "स्टेटर, बेअरिंग, कपॅसिटर, वार्निश, वायसर…" दुकानातलं सामान ओळीनं. आबांनी पिशवीतला मोठा पान्हा काढला आणि शेजारून गेलेल्या लोखंडी पाइपावर मारला. एकदा. परत एकदा. नदीच्या बाजूला पाइप लांबवर गेलेला, सगळा पाइप वाजत होता.

वाघरानं कान मागं घेतले. उठलं. पळालं नाही. सावकाश, जणू आम्ही त्याची झोपमोड केली, तसं ते चालत गेलं आणि आम्ही आलो त्याच वाटेच्या, परतताना डाव्या हाताला येणाऱ्या उसात शिरलं.

खरी भीती तिथून पुढं होती. गाडी त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला. सूर्य खाली आलेला. थांबावं तर अंधार होणार, निघावं तर त्याच उसाच्या कडेनं. आबा म्हणाले, "चल. माझ्या पुढं ऱ्हा, उजव्या अंगाला." त्यांनी मला उजवीकडं घेतलं आणि स्वतः डावीकडून चालायला लागले. सगळी वाट ते मला मोठ्यानं रागावत होते. तुझ्या हातची भाकरी कच्ची असते, तार भरताना मोबाईल बघतेस, दुकानाचं शटर अर्धंच लावतेस. एरवी मला एवढं कधी बोलले नव्हते. वाऱ्यानं पाचट वाजलं की आवाज आणखी चढायचा. एकदा डावीकडं काहीतरी कडकन मोडलं. आबा थांबले नाहीत, मीही नाही.

गाडीजवळ आलो तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं. हातातला पान्हा सुटत नव्हता, बोटं आवळली होती. मी एकेक बोट सोडवून तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी. जो तो विचारायला येत होता. मी सांगत होते, आबा तार मोजत बसले होते. तिसऱ्या दिवशी पहिली पेटी गेली. रेंज नाही म्हणणाऱ्या माणसानंच नेली. "झाडावर चढून फोन लावीन," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं त्याला पाठवलं होतं. आठवडा संपायच्या आत चारही खोकी गेली. एकालाही मी वेळ वाचेल म्हणून सांगितलं नाही. नुसतं काय झालं ते सांगितलं.

विक्रेता दौंडहून आणखी दहा घेऊन आला. भारी खुश होता. "वहिनी, आता माहिती सांगत बसू नका. तुमची स्टोरी सांगा. बस." त्यानं मला मोबाईलवर कुठल्यातरी बिबट्याचा व्हिडिओ पाठवला, कुठला कोण जाणे, आणि म्हणाला, "गावाच्या ग्रुपवर टाकून द्या."

व्हिडिओ मी टाकला नाही. पण माझी गोष्ट सांगता सांगता वाढत गेली. दहा पावलं होती ती पाच झाली. ते उठून बसलं होतं, ते आता गुरगुरायला लागलं. कुणीतरी विचारलं, "पिल्लं हुती का?" मी म्हणाले, "असतील." पुढच्याला सांगताना ती होतीच. मला कळत होतं मी काय करतेय. पण वर्षभर धूळ पुसलेली खोकी एकेक करून जाताना बघणं, तेही माझ्या बोलण्यामुळं, ह्याची गोडी लागली होती.

आबा मात्र ती गोष्ट कुणालाच सांगत नव्हते. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "व्हतं. गेलं."

एक दिवस भर दुपारी एक बाई आल्या. दौंडच्या अंगाला, गावापासून लांब त्यांची एकटी वस्ती. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना आक्का म्हणायचे. नवरा उसाच्या ट्रकवर, महिना-महिना बाहेर. घरी त्या आणि दहावीतली मुलगी. त्यांनी पेटी हातात घेतली, बघितली, परत ठेवली. बाकावर बराच वेळ बसल्या. उठल्या. परत हातात घेतली.

"आमच्याकडं न्हाई आलं अजून वाघरू," त्या म्हणाल्या. "मालक आलं की इचारून बघते."

त्या वळल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का, तुमच्या बांधावर ठसे दिसलेत म्हणत्यात."

त्या जागच्या जागी थांबल्या. "कुनी बघितलं?"

"ऊसतोडीवाल्यांनी."

असं कुणीही मला सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या बांधाकडून कुणी आलंही नव्हतं. आक्कांनी पेटी पदराखाली घेतली, उद्या बसवायला माणूस पाठवा म्हणाल्या आणि गेल्या.

आबांनी मान वर केली. त्यांच्या हातात तारेचं वेटोळं होतं.

"ठसं कवा दिसलं?"

मी फळी पुसायला लागले.

साधारण तीन आठवड्यांनी आक्कांचा फोन आला. पेटी चालेना. बसवणारा पोऱ्या सुट्टीवर होता म्हणून मीच गेले. सिमचं रिचार्ज संपलं होतं, एवढंच. पाच मिनिटांचं काम. काम करता करता माझं लक्ष ओट्याकडं गेलं. मुलगी तिथं बसून वहीत काहीतरी लिहीत होती. तो वार शाळेचा होता, वेळही शाळेची.

"सुट्टी आहे का हिला?" मी सहज विचारलं.

"सुट्टी कसली," आक्का म्हणाल्या. "तुमी सांगितलं त्या दिसापासनं घरात हाय. शाळंची वाट त्याच बांधावरनं जाती ना. एकटीला कशी सोडू? मला जनावरं सोडून रोज जाता येत न्हाई. हिचा बाप तिकडं."

"दहावी आहे ना तिची?"

"हाय की. सराव परीक्षा बुडली." त्यांनी मुलीकडं बघितलं नाही. "जीव ऱ्हायला तर शाळा."

मुलगी मान खाली घालून लिहीत होती. पेन थांबलं होतं, पण वही तिनं मिटली नाही. मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, चहा नको म्हणाले आणि गाडी काढली. त्या बांधावरून जाताना मी खाली बघत होते. मातीत शेरडांची खुरं आणि सायकलीच्या टायरचे जुने वळ, दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी मी एक मोटार उलटी भरली. सगळी तार परत काढावी लागली. मग मीच आबांना सांगितलं. सगळं.

"पर वाघरू हायच की आबा," मी म्हणाले. "आज न्हाई तर उद्या तिकडं जाईल. आपन बघितलंय."

"हाय," ते म्हणाले. "तिथं हाय का, ते तुला ठावं न्हाई. पोरीची शाळा बुडली ते ठावं हाय. जाऊन सांग."

"तुम्ही येता का?"

"न्हाई."

सकाळी सात वाजता मी त्यांच्या वस्तीवर पोचले. आक्का धार काढत होत्या. मी उभी राहिले. त्यांनी बस म्हटलं, मी बसले नाही. बसले असते तर परत बोलले नसते.

"आक्का, ठसे कुणी बघितले न्हाईत. मला कुणी सांगितलं न्हाई. पेटी जावी म्हणून मी बोलले."

धारेचा आवाज थांबला. त्या म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून तशाच बसून होत्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्या उठल्या, बादली बाजूला ठेवली, हात पदराला पुसले.

"परत बोल."

मी परत बोलले.

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं. आईच्या आधी तीच बोलली. "म्हंजी मी उगंच घरात बसले?" आणि रडायला लागली, हुंदके न देता, नुसतं पाणी डोळ्यांतून.

आक्का माझ्या अंगावर येतील असं मला वाटलं. आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझं गुडघं बघितलंस का कवा?"

मला समजेना.

"दोन वरसं झाली. त्या मोटारीवर जायाला पायऱ्या हायत, इहिरीच्या कडंला, अकरा. दिसाला दोनदा. उतरताना डोळ्यांपुढं काजवे. मी तुझ्या दुकानात आले ती त्यासाठी. एक तास बाकावर बसले. वाटलं, ही बाई हाय, हिला सांगावं. पर गुडघं दुखत्यात म्हून यंत्र घ्यायचं, हे मालकाला काय सांगू? लोक काय म्हनतील?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तू नुसतं इचारलं असतंस ना, आक्का, मोटारीवर कोन जातं तुमच्यात, तर मी घेतली असती. वाघरू कशाला सोडलंस माझ्या दारात?"

वर्षभर मी गिऱ्हाइकांना पेटीत काय काय आहे ते सांगत होते. मग वाघराचं सांगत होते. समोरच्या माणसाच्या पोटात काय आहे ते एकदाही विचारलं नव्हतं.

"पेटी परत नेते," मी म्हणाले.

"पेटीला हात लावू नगंस," त्या म्हणाल्या. "ती काम करती. पोरीचं बघ."

पोरीचं मी बघितलं. त्याच दिवशी शाळेत जाऊन सरांना भेटले. खरं काय ते सांगितलं, कारण आता दुसरं काही सांगायची माझी हिंमत नव्हती. सरांनी बुडालेली सराव परीक्षा एका रिकाम्या वर्गात घेतली. वाघरू नाही असं मी आक्कांना सांगू शकत नव्हते. ते कुठंही असू शकतं, आमच्या भागात ते खरंच आहे. म्हणून दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत रोज सकाळी मी स्कूटी घेऊन त्या वस्तीवर जात होते, आणि संध्याकाळी तिला परत सोडत होते. पहिले कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गाडीवर बसायची ती मधे दप्तर ठेवून. त्या बांधावरून जाताना मात्र तिचा हात माझ्या खांद्यावर यायचा, आणि बांध संपला की काढून घ्यायची. भीती मी घातली होती, ती ठसे खोटे आहेत म्हटल्यानं गेली नव्हती. माझीही गेली नव्हती. ऊस हलला की मला नदीकाठची ती सावली दिसायची.

दौंडचा विक्रेता पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानं विचारलं, "वहिनी, खप का उतरला?" मी म्हणाले, मी आता गोष्ट सांगत नाही. त्याला ते पटलं नाही. म्हणाला, "माणूस भीतीशिवाय हलत नाही हो." मला वाटतं हलतो. पण हळू हलतो आणि कारण सांगत नाही. एकानं पेटी घेतली ती बायकोचं बाळंतपण जवळ आलं होतं म्हणून, एकानं घेतली ती भावाशी बोलणं बंद होतं आणि मोटार भावाच्या रानात होती म्हणून. हे मला बाकावर बसून, दोन-दोन चहा झाल्यावर कळलं. पेट्या पूर्वीसारख्या एका आठवड्यात संपत नाहीत. आमच्याकडं जळालेल्या मोटारी पण कमी येतात. आबा म्हणाले होते तसंच झालं.

मुलगी पास झाली. पेढे द्यायला आली नाही, पण निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मला बघून तिनं मान हलवली.

परवा आक्का दुकानात आल्या. माझ्याकडं त्या अजून फारसं बघत नाहीत. सोबत शेजारच्या वस्तीवरची एक तरुण सून होती, पोटुशी. आक्का दारातच थांबल्या, आत आल्या नाहीत.

"हिला पेटी बघायची हाय," त्या मला म्हणाल्या. मग सुनेकडं वळून, माझ्यासमोरच, "काय इचारायचं ते हिला इचार. पर दोनदा इचार."

मी बाक पुसला. त्या सुनेला बसायला सांगितलं आणि विचारलं, "मोटारीवर कोण जातं गं तुमच्यात?"